नाव शेवटी वाचावे : जुन्या मौल्यवान कफलिंक्सची पारख

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनच्या एका ऑनलाइन लिलावात कफलिंक्सची एक जोडी विक्रीला आली आहे. वर्णनात ‘कार्तिए, १९३० चे दशक, १८ कॅरट सोने, निळा मीना, मूळ पेटीसह’ असे लिहिले असून (कार्तिए हे जवाहिऱ्यांचे नामांकित फ्रेंच घराणे) मागच्या बाजूच्या नावाचे जवळून घेतलेले एक छायाचित्र दिले आहे. ही जोडी अस्सल आहे की नाही हे कसे ठरवावे आणि ती घ्यावी का? शिवाय विचारणाऱ्या गृहस्थांच्या घरी आजोबांची सोन्याची एक जोडी आहे. तिच्यावर ‘१५’, ‘.६२५’, नांगराचे चिन्ह, रोमन लिपीतले मोठे ‘ए’ आणि दोन आद्याक्षरे आहेत, पण एकही नामांकित नाव नाही. तिला काही मोल आहे का?

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आजोबांच्या जोडीवर काय लिहिले आहे ते नीट वाचता आले, की लिलावातल्या जोडीवर काय असायला हवे हे आपोआप कळू लागते.

‘१५’ आणि ‘.६२५’ म्हणजे हजारात ६२५ भाग शुद्ध सोने. ब्रिटनमध्ये हा कस १८५४ साली कायद्याने मान्य झाला आणि १९३२ साली रद्द झाला. १२ आणि १५ कॅरट हे दोन्ही कस जाऊन त्यांच्या जागी १४ कॅरट आले. केवळ ‘१५’ या आकड्यामुळेच जोडीचा काळ या दोन वर्षांच्या मध्ये बंदिस्त होतो. नांगर हे बर्मिंगहॅमच्या कसोटी कार्यालयाचे, म्हणजे सोन्याचांदीचा कस तपासून शिक्के मारणाऱ्या कार्यालयाचे चिन्ह आहे. उरले वर्षाक्षर, म्हणजे तपासणीचे वर्ष सांगणारे, दरवर्षी क्रमाने बदलणारे अक्षर. बर्मिंगहॅमच्या अक्षरचक्रात मोठे ‘ए’ १८४९ साली आले होते आणि पुन्हा १९२५ साली आले. १८४९ मध्ये १५ कॅरटचा कस अस्तित्वातच नव्हता, म्हणून पहिली शक्यता बाद होते. तिथले अक्षर जुलैमध्ये बदलत असे, तेव्हा ही जोडी जुलै १९२५ ते जून १९२६ या काळात तपासली गेली. शिक्क्यांमध्ये मुकुट नाही, आणि तो नसणेच बरोबर आहे, कारण १९७५ पूर्वी मुकुट फक्त २२ आणि १८ कॅरटच्या सोन्यावर मारला जाई. १५ कॅरटच्या जुन्या वस्तूवर मुकुट दिसला असता तर मला काळजी वाटली असती. दोन आद्याक्षरे ती वस्तू तपासणीसाठी पाठवणाऱ्या कारखानदाराची किंवा व्यापाऱ्याची आहेत. ती कार्यालयाच्या नोंदींशी ताडून पाहता येतात.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. यातला कोणताही एक शिक्का एकट्याने काही सिद्ध करत नाही. कस, शहर, वर्ष आणि मुकुटाचा अभाव हे सगळे एकमेकांशी जुळले, म्हणून आपण निष्कर्षावर आलो. जुन्या कफलिंक्सची सगळी पारख याच रीतीने होते. धातू, मागची यंत्रणा, कारागिरी, झीज आणि शिक्के यांची साक्ष स्वतंत्रपणे घ्यायची, ती परस्परांशी जुळते का हे पाहायचे आणि त्यानंतरच नाव वाचायचे. नवखा ग्राहक नेमके उलट करतो. तो आधी नाव वाचतो आणि मग बाकी सगळे त्या नावाला अनुकूल असे पाहू लागतो. बनावट करणाऱ्यालाही हे ठाऊक असते. सगळ्या खाणाखुणांमध्ये नाव कोरणे हेच सर्वांत स्वस्त आणि सोपे काम आहे.

आता लिलावातल्या जोडीकडे वळू. कार्तिएच्या बाबतीत पहिला प्रश्न असा विचारावा की ही जोडी कोणत्या शहरातल्या कार्तिएची आहे? त्या काळात या घराण्याच्या पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क अशा तीन शाखा होत्या आणि लुई, झाक व पिएर हे तीन भाऊ त्या सांभाळत. आपल्या वाचकांना झाक कार्तिए यांचे नाव कदाचित परिचित असेल, कारण १९११ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने हिंदुस्थानात येऊन संस्थानिकांशी व्यवहार सुरू करणारे तेच. तीन शहरांचे कायदे वेगळे होते, म्हणून सोन्यावरचे शिक्केही वेगळे असतात. लंडनमध्ये घडलेल्या १८ कॅरटच्या जोडीवर बिबट्याचे मुख (हे लंडनच्या कसोटी कार्यालयाचे चिन्ह), मुकुट आणि १८ चा आकडा, वर्षाक्षर आणि झाक कार्तिए यांची आद्याक्षरे अपेक्षित असतात. लंडनच्या चक्रात मोठे ‘ए’ १९३६ साली येते, बर्मिंगहॅमप्रमाणे १९२५ साली नाही. म्हणून आधी शहर आणि मग अक्षर हा क्रम कधीही सोडू नये. पॅरिसमध्ये घडलेल्या जोडीवर १८ कॅरटसाठी गरुडाचे मुख असते. हा शिक्का १८३८ पासून वापरात आहे आणि इतका बारीक असतो की भिंगाशिवाय तो ओरखड्यासारखाच दिसतो. त्याच्याजवळ पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या उभ्या शंकरपाळ्यात घडवणाऱ्या कार्यशाळेची खूण असते. अमेरिकेत सरकारी कसोटी कार्यालयाची पद्धत नव्हती. तिथे १९०६ च्या कायद्याने कसाची खोटी खूण मारण्यावर बंदी आली, पण खूण मारणारा स्वतः उत्पादकच असे. त्यामुळे न्यूयॉर्कच्या जोडीवर बहुधा फक्त नाव आणि ‘१४ के’ किंवा ‘१८ के’ इतकेच मिळते.

पॅरिसमध्ये घडलेली जोडी लंडनच्या दुकानात विकली गेली असेल, तर तिच्यावर इंग्रजी आयातीचा वेगळा शिक्का असू शकतो. १९०६ पासून लंडनच्या आयातशिक्क्यात सिंह राशीचे चिन्ह असे, बिबट्याचे मुख नसे. बनावट करणारे याच तपशिलात वारंवार अडकतात. ‘इंग्रजी शिक्का’ म्हणून ते सर्वांना ओळखीचा असलेला चालता सिंह मारून मोकळे होतात. चालता सिंह हे ९२५ कसाच्या चांदीचे चिन्ह आहे; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या इंग्रजी सोन्यावर त्याचे काही काम नाही. अशी ‘सोन्याची’ जोडी दिसली की ती सोन्याचा मुलामा दिलेली चांदी असण्याची शक्यता सर्वांत आधी लक्षात घ्यावी.

शिक्के बरोबर असले तरी ते धातूत कसे बसले आहेत हे दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावेच लागते. पोलादी ठशावर हातोडी मारून उठवलेल्या खुणेत धातू बाजूला सरकलेला असतो. खुणेच्या कडा धारदार असतात, तळ गुळगुळीत असतो आणि पत्रा पातळ असेल तर दुसऱ्या बाजूला किंचित उंचवटा जाणवतो. अस्सल वस्तूचा साचा काढून ओतलेल्या नकलेत खुणाही ओतूनच आलेल्या असतात. त्यांच्या कडा मऊ, विरघळल्यासारख्या दिसतात आणि आतबाहेर सारखेच बारीक खड्डे असतात. लेझरने कोरलेल्या खुणेची खोली सगळीकडे एकसारखी असते आणि तळ खरखरीत, करडा दिसतो. १९३० च्या दशकातल्या म्हणवणाऱ्या जोडीवर लेझरची खूण असेल, तर निदान ती खूण तरी त्या काळातली नाही. मात्र उताविळपणे निकाल देऊ नये. जुनी वस्तू आज विकण्यासाठी पुन्हा तपासली जाते, तेव्हा तिच्यावर आजच्या पद्धतीचा शिक्का कायदेशीरपणे येऊ शकतो. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये प्लॅटिनमचा अधिकृत शिक्का १९७५ पासून सुरू झाला. म्हणून १९२५ च्या सुमाराच्या प्लॅटिनमच्या जोडीवर तो दिसला तर वस्तू खोटी ठरत नाही, पण तो शिक्का नंतरचा आहे हे विक्रेत्याला माहीत असायला हवे आणि त्याने ते सांगायला हवे.

कफलिंक्सना अंगठी किंवा हार यांच्या तुलनेत एक मोठा फायदा आहे, तो म्हणजे त्या दोन असतात. दोघींची तुलना करणे ही मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारी कसोटी आहे. हाताने घडवलेल्या जोडीत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असतात, तंतोतंत कधीच नसतात. एकीवरचा शिक्का किंचित तिरका असतो, दुसरीवरचा कडेकडे सरकलेला असतो; कोरीव रेघांचे शेवट थोडे पुढेमागे असतात. ज्या जोडीत दोन्ही कफलिंक्सवर एकाच ठिकाणी तोच खड्डा, तोच ओरखडा, शिक्क्याच्या त्याच कोपऱ्यात तीच तूट दिसते, ती जोडी एकाच साच्यातून ओतलेली आहे. विक्रेत्याकडून दोन्ही कफलिंक्सची सारख्याच कोनातून, सारख्याच उजेडात घेतलेली छायाचित्रे मागवावीत. तेवढ्यावरून बऱ्याच नकला घरबसल्या ओळखता येतात.

झिजेचेही असेच आहे. कफलिंक वापरताना अंगठा नेहमी त्याच जागी दाबला जातो, साखळीची कडी त्याच बिंदूवर घासते आणि दर्शनी बाजूची कड टेबलाला लागते. म्हणून खऱ्या वापराच्या झिजेत क्रम असतो. साखळीच्या कड्या आतल्या बाजूने बारीक झालेल्या असतात, मागची पट्टी टोकांना गुळगुळीत झालेली असते, आणि सुरक्षित कोपऱ्यातला शिक्का मात्र ताजा असतो. दर्शनी कोरीवकाम पुसट झाले आहे आणि त्याच्याच शेजारी, तितक्याच उघड्या जागी नाव मात्र ठळक आहे, असे दिसले तर ते नाव झीज झाल्यानंतर आले असे समजावे.

यानंतरचा मुद्दा मला नकलांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण इथे प्रत्येक तुकडा अस्सल असू शकतो आणि तरीही खरेदी चुकीची ठरते. तो म्हणजे जुळवलेल्या आणि रूपांतरित केलेल्या जोड्या. हरवणे हा कफलिंकचा स्वभावच आहे. एक हरवली की उरलेलीला दुसऱ्या ठिकाणाहून जोडीदार शोधला जातो, किंवा नवीन घडवून घेतली जाते. वर्षाक्षरे वेगळी असणे, एकीचे वजन दुसरीपेक्षा अर्धा ग्रॅम अधिक असणे, सोन्याची छटा दिवसाच्या उजेडात किंचित निराळी दिसणे ही त्याची लक्षणे आहेत. रूपांतर त्याहून फसवे असते. जुन्या पाश्चात्त्य औपचारिक पोशाखात शर्टाच्या छातीवरची बटणे, जाकिटाची बटणे आणि कफलिंक्स असा पूर्ण संच असे. तो मोडला की जाकिटाच्या बटणांना साखळी झाळून कफलिंक्स करतात, कारण बटणे कोणी विकत घेत नाही आणि कफलिंक्सना गिऱ्हाईक असते. कानातल्या जोडीचे, पदकांचे, घड्याळाच्या साखळीतल्या तुकड्यांचेही असेच होते. आपल्याकडे अर्ध्या गिनीच्या नाण्यांना मागे दांडी झाळून केलेल्या जोड्या अनेक जुन्या घरांत सापडतात. त्या घरगुती आठवण म्हणून मोलाच्या आहेत, पण नाणे म्हणून त्यांची संग्राहक किंमत झाळताक्षणीच गेलेली असते.

रूपांतर ओळखायचे तर मागची बाजू पाहावी. मूळ जोडणीत कडी ज्या पायावर बसते तो पाया वस्तूबरोबरच आखलेला असतो. तो मध्यभागी असतो, त्याची जाडी वजनाला साजेशी असते आणि सांध्याचा रंग सोन्याच्या रंगात मिसळून जातो. नंतरच्या जोडणीत सांध्याभोवती फिकट किंवा करडी कड दिसते, झाळीचे बारीक बुडबुडे राहतात, जुन्या पायाचा घासून काढलेला डाग भिंगातून जाणवतो, आणि कधी नवी कडी थेट शिक्क्यावर बसलेली असते. शिक्का अर्धवट झाकणारा पाया कोणताही चांगला कारागीर मुळात घालणार नाही. जुन्या साखळीच्या जोड्या घालायला अवघड वाटतात म्हणून साखळी काढून फिरती दांडी बसवण्याचीही रीत होती. असे झाले असेल तर जोडी खोटी नसते, मात्र तिची किंमत बरीच उतरते आणि त्या उतरलेल्या किमतीलाच ती घ्यावी.

यंत्रणेवरून काळ ठरवताना एक मर्यादा लक्षात ठेवावी. यंत्रणा ‘याच्या आधीची नाही’ हे सांगते, ‘याच्या नंतरची नाही’ हे सांगत नाही. दोन मुखांना जोडणारी छोटी साखळी शतकानुशतके वापरात आहे आणि आजही उत्तम सोनार तीच घडवतात. टिचकीच्या बटणासारखी उघडमीट होणारी जोडी मात्र १९२० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झाली. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲटलबरो गावच्या बेअर अँड वाइल्ड या कंपनीचे ‘कम-अ-पार्ट’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तेव्हा अशा यंत्रणेची जोडी कोणी ‘व्हिक्टोरियन’, म्हणजे १९०१ पूर्वीची, म्हणून विकत असेल तर पुढे बोलण्याची गरज उरत नाही. मागे टोकदार गोळीसारखी फिरणारी दांडी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सर्वत्र पसरली.

तुमच्या लिलावातल्या जोडीवर निळा मीना आहे, आणि मीन्याबद्दल मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे. अस्सल मीना म्हणजे काचेची भुकटी धातूवर पसरून सुमारे ७०० ते ८५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत वितळवलेला थर. १९३० च्या आसपासच्या चांगल्या जोड्यांत या पारदर्शक थराखाली यंत्राने कापलेल्या लहरींची नक्षी असते, तिला गिलोश म्हणतात. जोडी हळूहळू फिरवली की प्रकाश त्या लहरींवरून सरकत जातो. कापलेली लहर भिंगातून पाहिली तर तिचा माथा धारदार आणि दोन्ही उतार आरशासारखे चकचकीत दिसतात. ठोकून किंवा ओतून उठवलेल्या नक्षीचे माथे गोल असतात आणि प्रकाश तिथे पसरून मंद होतो. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की छायाचित्रातही तो कळतो. म्हणून मी नेहमी सांगतो, की एखाद्या संग्रहालयात किंवा मोठ्या लिलावाच्या प्रदर्शनात उत्तम गिलोश प्रत्यक्ष पाहून घ्यावे. वर्णने वाचून ते साधत नाही.

मीन्याच्या जागी थंड राळेचा रंग भरलेल्या नकला खूप असतात. राळ मऊ असल्यामुळे तिच्यावर केसासारखे ओरखडे पडतात, तर काचेवर ओरखड्यांऐवजी कपचे उडतात. पुष्कळदा अतिनील दिव्याखाली राळ निराळ्या रंगाने उजळते, त्यामुळे अस्सल मीन्यावर नंतर केलेली डागडुजीही पकडता येते. गरम सुई टोचून पाहण्याची एक जुनी रीत आहे. ती कृपया कोणी करू नये, कारण चाचणीत उत्तीर्ण होणारी वस्तूही तिने बिघडते. एक तर्कही उपयोगी पडतो. मीना भाजल्यानंतर त्याच तुकड्यावर झाळकाम केले तर मीन्याला तडा जातो किंवा त्याचा रंग काळवंडतो. त्यामुळे मीना निर्दोष आहे आणि मागचा सांधा स्पष्टपणे नंतरचा आहे, अशा वेळी मीना मूळचा आहे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

धातूच्या चाचणीबाबत सांगायचे तर, क्ष-किरणांचे यंत्र आज सहज उपलब्ध आहे आणि भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रांत सामान्य ग्राहकालाही सोने तपासून घेता येते. पण हे यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचते. सोन्याचा जाड पत्रा चढवलेल्या वस्तूवर ते आनंदाने १८ कॅरट दाखवील. म्हणून तपासणी झिजलेल्या कडेवर आणि साखळीच्या कडीवर करून घ्यावी. घरी करता येण्याजोगी, वस्तूला इजा न करणारी चाचणी घनतेची आहे. जोडी हवेत तोलावी आणि मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोलावी. हवेत १२ ग्रॅम असलेली जोडी पाण्यात ०.७८ ग्रॅमने हलकी झाली तर घनता साधारण १५.४ येते, आणि ती १८ कॅरट पिवळ्या सोन्याला साजेशी आहे. ९ कॅरटला ती ११ च्या आसपास आणि ९२५ चांदीला १०.४ च्या आसपास येते. जोडी पोकळ असेल, तिच्यावर खडे किंवा मीना असेल, तर हा आकडा खाली येतो. म्हणून साध्या, भरीव जोड्यांपुरतीच ही चाचणी निर्णायक मानावी.

याच ओघात एक कळकळीची विनंती. आजोबांची जोडी पेढीवर नेली की ‘जरा पॉलिश करून देतो’ असे प्रेमाने म्हटले जाईल. ते नम्रपणे नाकारावे. तेजाबाने आणि फिरत्या ब्रशने शंभर वर्षांचा शिक्का दोन मिनिटांत पुसट होतो आणि शिक्का पुसट झाला की तुमच्या हातात फक्त १५ कॅरटचे मोडीचे सोने उरते. कसोटीच्या दगडावर घासू देऊ नये आणि ‘१५ कॅरट म्हणजे हलके सोने’ हे ऐकून ती मोडीत तर अजिबात घालू नये. आपल्याकडे २२ कॅरटची सवय असल्यामुळे इंग्रजी ९ आणि १५ कॅरटच्या कितीतरी सुरेख जोड्या अशाच वितळल्या आहेत. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ कापड एवढी स्वच्छता पुरेशी आहे. मोती किंवा मीना असेल तर भिजत घालणेही टाळावे.

खड्यांबद्दल थोडक्यात. कृत्रिम माणिक व्यापारी प्रमाणावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून मिळू लागले आणि १९२०-३० च्या चांगल्या जोड्यांतही मापाने कापलेले कृत्रिम माणिक किंवा नीलम मुळापासून बसवलेले असतात. म्हणून खडा कृत्रिम निघाला एवढ्यावरून जोडी खोटी ठरवू नये. किंमत मात्र त्याप्रमाणे लावावी. मोत्यांची गोष्ट वेगळी आहे. ‘बसरा मोती’ असा दावा असेल तर प्रयोगशाळेच्या क्ष-किरण अहवालाशिवाय नैसर्गिक मोत्याची किंमत कधीही देऊ नये.

साक्षी परस्परविरोधी निघाल्या की काय होते याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण फाबेर्जे या रशियन जवाहीर घराण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या जोड्यांत मिळते. रशियन शिक्क्यात पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचे मुख असते. १८९९ ते १९०८ या काळात ते डावीकडे पाहते, १९०८ पासून १९१७ पर्यंत उजवीकडे. फाबेर्जेचे प्रमुख कारागीर मिखाइल पेर्खिन १९०३ साली निवर्तले. त्यामुळे पेर्खिन यांची आद्याक्षरे आणि उजवीकडे पाहणारे मुख एकाच जोडीवर असतील, तर दोन्ही शिक्के कितीही सुबक असले तरी ती जोडी असंभव आहे. अशा जोड्या मी पाहिल्या आहेत. मखमली पेटी, सोनेरी अक्षरे आणि जुना भासणारा कागद त्यांच्याबरोबर हमखास असतो.

पेटीचे महत्त्व लोक फार वाढवून सांगतात. जुन्या पेट्या स्वतंत्रपणे विकल्या जातात, त्यामुळे पेटीवरचे नाव आतल्या वस्तूबद्दल काहीच सिद्ध करत नाही. तरी पेटी पाहावी. आतला साचा त्याच जोडीच्या मापाचा आहे का, मखमलीवर त्याच आकाराचे दाब उमटले आहेत का, पेटीवरचा पत्ता त्या काळातला आहे का, हे तपासण्यासारखे आहे. पेटीवर दुकानाचे नाव आणि सोन्यावर दुसऱ्याच कोणाची आद्याक्षरे असणे हा दोष नाही, कारण लंडनची मोठी दुकाने बर्मिंगहॅमच्या कारखान्यांकडून माल घेत. मुंबईतल्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारख्या दुकानांतूनही विलायती माल इथल्या घरांत पोहोचला. वस्तूचा खरा पूर्वेतिहास पावती, मृत्युपत्राची यादी, विम्याचे मूल्यांकन, तारीख असलेले छायाचित्र अशा कागदांतून उभा राहतो. एप्रिल १९८७ मध्ये सॉदबीज या लिलावसंस्थेने जिनिव्हात विंडसरच्या डचेसचे, म्हणजे गादी सोडलेल्या आठव्या एडवर्ड राजाच्या पत्नीचे, अलंकार विकले, तेव्हा वस्तू सोन्याच्या आणि हिऱ्यांच्या भावापलीकडे कितीतरी पट गेल्या, त्या याच कारणाने. तुमच्या जोडीबरोबर असा एकही कागद नसेल तर पूर्वेतिहासाचे पैसे मोजू नयेत.

नामांकित ब्रँडच्या चांदीच्या जोड्यांबाबत अधिक सावध राहावे, कारण त्यांची नक्कल स्वस्तात होते. टिफनी या अमेरिकी जवाहीर कंपनीने ईबे या ऑनलाइन बाजाराविरुद्धच्या खटल्यात असे मांडले होते, की २००४ साली तिथून खरेदी केलेल्या ‘टिफनी’ चांदीच्या वस्तूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बनावट निघाल्या. मोजण्याच्या पद्धतीवर न्यायालयाने शंका घेतली, पण प्रश्न मोठा होता यावर कोणाचे दुमत नव्हते.

कायद्याच्या दोन बाबी विसरू नयेत. हस्तिदंताच्या किंवा कासवाच्या कवचाच्या जोड्या कितीही देखण्या असल्या तरी परदेशातून मागवू नयेत. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे आणि सीमाशुल्क अधिकारी त्या जप्त करतात. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारतातून बाहेर पाठवणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीला निषिद्ध आहे, तेव्हा आजोबांची जोडी परदेशातल्या लिलावात पाठवायचा विचार असेल तर आधी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. ब्रिटनमध्ये १९५० पूर्वीच्या वस्तूंना कस योग्य असल्यास शिक्क्याविना विकण्याची सवलत आहे. त्यामुळे शिक्का नाही एवढ्यानेच तिथला विक्रेता दोषी ठरत नाही.

आता निर्णयाकडे येऊ. लिलावगृहाला लेखी विचारावे : दोन्ही कफलिंक्सचे वेगवेगळे वजन किती, कस आणि शहर सांगणारे शिक्के कोणते, नेमके कुठे आहेत, साखळी आणि सांधे मूळचे आहेत का, मीन्याची दुरुस्ती झाली आहे का, अनुक्रमांक असल्यास तो दोन्हींवर आहे का. नावाचे छायाचित्र तुमच्याकडे आहेच. कडेचे, पाठीचे आणि साखळीच्या सांध्याचे छायाचित्र मागवावे. अनुक्रमांक मिळाला तर तो पूर्वीच्या लिलावांच्या नोंदींत शोधावा. तोच क्रमांक दुसऱ्याच कुठल्या वस्तूवर आढळला तर तिथेच थांबावे. वर्णनात ‘कार्तिए यांची’ आणि ‘कार्तिए असे नाव असलेली’ यांत फरक असतो आणि तो विक्रीच्या अटींत स्पष्ट केलेला असतो. त्या अटी, वस्तू बनावट निघाल्यास परताव्याची मुदत आणि खरेदीदाराकडून घेतले जाणारे अधिक शुल्क ही तिन्ही बोली लावण्यापूर्वी वाचावीत. भारतातले आयात शुल्क त्यावर पुन्हा वेगळे येते.

दिलेल्या माहितीवरून पाहता, विक्रेत्याने फक्त नाव आणि पेटी दाखवली आहे, शहर सांगितलेले नाही, कसाचा शिक्का दाखवलेला नाही आणि वजनही दिलेले नाही. एवढ्यावर मी बोली लावणार नाही. समाधानकारक उत्तरे आली आणि मागच्या बाजूला एकाच शहराचे, एकाच काळाचे, परस्परांशी जुळणारे शिक्के दिसले तर पुन्हा लिहावे. ती छायाचित्रे पाहून अधिक नेमके सांगता येईल. तोवर तितक्याच पैशांत बर्मिंगहॅम किंवा चेस्टरच्या शिक्क्यांच्या, १९३२ पूर्वीच्या, बिननावाच्या दोन-तीन उत्तम जोड्या मिळू शकतात आणि मला विचाराल तर मी त्याच घेईन. आजोबांच्या जोडीसाठी मऊ कापडाची पिशवी घ्यावी, दोन्ही कफलिंक्स एकमेकींवर घासणार नाहीत अशा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात, शिक्क्यांची चांगली छायाचित्रे काढून घ्यावीत आणि विम्यासाठी मूल्यांकन करून घेताना ते सोन्याच्या वजनावर न करता १९२५-२६ ची बर्मिंगहॅमची, १५ कॅरटची जोडी म्हणून करावे असा आग्रह धरावा.